कायद्याच्या खालची पानं

चेन्नईहून उत्तरेला जाणारी लोकल गुम्मिडिपूंडीला बरीचशी रिकामी होते. पुढे एलावूर, आरंबाक्कम अशी लहान स्टेशनं आणि मग तडा, म्हणजे आंध्र प्रदेश. कारखान्यांचा हा पट्टा, पण कॉलेजंही इथे पुष्कळ. पोन्नेरीच्या सरकारी महाविद्यालयात बी. कॉम. करणारी मुलगी मद्रास विद्यापीठाची विद्यार्थिनी असते. त्याच गाडीने येऊन कवरैपेट्टैला उतरणारा इंजिनिअरिंगचा मुलगा अण्णा विद्यापीठाचा. आणि तडाला राहणारी त्यांची एखादी मावसबहीण तिसऱ्याच विद्यापीठाची. तिचे कुलपती म्हणजे दुसऱ्याच राज्याचे राज्यपाल. परीक्षेची फी किती, राहिलेला विषय किती वर्षांत सोडवायचा, गुणपत्रिकेवर नाव चुकलं तर अर्ज कोणाकडे करायचा, या साध्या प्रश्नांची उत्तरं तिघांना तीन वेगळ्या कायद्यांखाली शोधावी लागतात. अर्थात तिघांपैकी कोणीही तो कायदा पाहिलेला नसतो. त्यांच्या प्राध्यापकांपैकी किती जणांनी पाहिलेला असतो, तेही विचारू नये.

‘विद्यापीठ कोण चालवतं?’ असं विचारलं की बहुतेकजण कुलगुरूंचं नाव घेतात. थोडी अधिक माहिती असलेला माणूस राज्यपालांकडे बोट दाखवतो, आणि रोजचं वर्तमानपत्र नीट वाचणारा म्हणतो, मंत्रालय. तिन्ही उत्तरं थोडी थोडी खरी आहेत. पण या पुस्तकातली कागदपत्रं ओळीने वाचताना माझं जे मत पक्कं झालं ते असं, की विद्यापीठावर राज्य असतं ते त्याचे परिनियम आणि अध्यादेश लिहिणाऱ्यांचं. कायद्यावर विधिमंडळात गदारोळ होतो, अग्रलेख येतात. त्याच्या खालची पानं मात्र मुकाट्याने मंजूर होतात, आणि विद्यार्थ्याची गाठ पडते ती नेमकी त्या पानांशी.

नव्या वाचकासाठी ही उतरंड आधी सांगून टाकतो. सर्वांत वर विधिमंडळाने केलेला कायदा. विद्यापीठ जन्माला घालणं, त्याचं नाव, त्याचं कार्यक्षेत्र, त्याचे अधिकारी आणि त्याची मंडळं एवढं त्यात असतं. त्याखाली परिनियम. महाराष्ट्रात ते अधिसभा करते आणि त्यांना कुलपतींची संमती लागते. त्याखाली व्यवस्थापन परिषदेचे अध्यादेश: प्रवेश, परीक्षा, शुल्क, शिस्त. मग विद्या परिषदेचे विनियम, म्हणजे अभ्यासक्रमाचं आणि परीक्षेचं तपशीलवार गणित. आणि सर्वांत खाली, नोटीस बोर्डावर टाचणीने लावलेलं परिपत्रक. वरच्या पायरीशी खालची विसंगत असली तर खालची रद्द, हा नियम. प्रत्यक्षात वरची पायरी कोणी तपासत नाही आणि परिपत्रक हाच कायदा होऊन बसतो. कोर्टात गेलं तरच उलगडा होतो, आणि परीक्षेच्या तोंडावर कोर्टात जायला कोणाकडे वेळ असतो?

ही इमारत कोणी रचली? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर नेहमी १८५४ च्या चार्ल्स वुडच्या खलित्यापासून सुरू होतं. मद्रासकडून पाहिलं तर ते पंधरा वर्षं आधी सुरू होतं. ११ नोव्हेंबर १८३९ रोजी मद्रासच्या सुमारे सत्तर हजार रहिवाशांच्या नावे एक अर्ज तिथल्या गव्हर्नरकडे गेला. आम्हाला इंग्रजीतून उच्च शिक्षण देणारी संस्था हवी, असं त्यात म्हटलं होतं. अर्ज सादर करण्यात पुढाकार होता ॲडव्होकेट-जनरल जॉर्ज नॉर्टन यांचा. लगेच १८४० मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली एक युनिव्हर्सिटी बोर्ड नेमलं गेलं आणि त्यातून हायस्कूल उभं राहिलं. त्या हायस्कुलात शिकलेला एक मुलगा म्हणजे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव, पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण. विद्यापीठ म्हणवून घेणारी ती शाळाच होती, पण ‘विद्यापीठाचा कारभार एका मंडळाने पाहायचा’ ही कल्पना इकडे तिथून रुजली.

तो अर्ज ज्यांच्याकडे गेला ते गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन. हेच गृहस्थ पुढे १८५३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले कुलपती. (कॉलेजाला नाव आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं; हे त्यांचे पुतणे. मुंबईकर दोघांची गल्लत करतात ती क्षम्य आहे.) मद्रासचा अर्ज घेणारा हात आणि मुंबईच्या कागदावर कुलपती म्हणून आलेलं नाव एकाच माणसाचं, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. मद्रास आणि मुंबईच्या विद्यापीठांचे कायदे शेजारी ठेवून वाचायची कल्पना संपादकांना का सुचली असेल, ते यावरून कळतं.

१८५७ चे तीन कायदे अगदी आटोपशीर आहेत. कलकत्त्याचा जानेवारीतला, मुंबईचा १८ जुलैचा, मद्रासचा ५ सप्टेंबरचा. मधल्या महिन्यांत उत्तरेत उठाव पेटलेला होता, आणि तरीही कायदे होत राहिले. मसुदा जवळपास एकच, फक्त गावाचं आणि गव्हर्नरचं नाव बदललेलं. कुलपती म्हणजे गव्हर्नर (कलकत्त्यात गव्हर्नर-जनरल), कुलगुरू त्यांनी नेमलेला, आणि ‘फेलो’ मंडळींची सेनेट, म्हणजे आजची अधिसभा. हे फेलो तहहयात. मुंबईच्या मूळ यादीत न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि मिशनरी यांच्या जोडीने जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांची नावं सापडतात. पण शिक्षक आणि विद्यार्थी कुठे आहेत? ते कायद्यात नाहीत. नमुना होता १८३६ च्या लंडन विद्यापीठाचा, म्हणजे शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवणं हे संलग्न कॉलेजांचं काम. इमारतसुद्धा नव्हती. मुंबईचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ही १८७० च्या दशकातली कामं, चेपॉकचं सेनेट हाउसही त्याच दशकातलं.

एक बारकावा पाहा. या कायद्यांनी विद्यापीठाला ठरावीक पदव्याच देण्याचा अधिकार दिला होता. दुसरी एखादी पदवी द्यायची म्हटली तर विद्यापीठाला स्वतः ती ठरवता येईना. त्यासाठी १८६० मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. संस्थेला स्वतःचे नियम करायची मुभा आहे, पण प्रत्येक नियमाला सरकारची मंजुरी हवी, ही घडी तेव्हाच बसली आणि आजतागायत ती पूर्ण मोडलेली नाही.

१८६२ मध्ये मुंबईचे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हीच पिढी पुढे सेनेटमध्ये बसली. न्यायमूर्ती तेलंग १८९२ मध्ये पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर भांडारकर. सेनेट आणि तिचं कार्यकारी मंडळ असलेली सिंडिकेट म्हणजे काय याचा खरा धडा या लोकांनी घालून दिला. १८६० च्या दशकात विद्यापीठाने मराठी आणि इतर देशी भाषांना अभ्यासक्रमातून काढून अभिजात भाषांना जागा दिली होती. मराठी परत आणण्यासाठी रानड्यांनी खटपट केली ती सभा-परिषदांत जेवढी, त्याहून अधिक विद्यापीठाच्या समित्यांत: ठराव, उपसमिती, अहवाल, पुन्हा ठराव. एम. ए.ला मराठी यायला १९०१ उजाडलं, आणि त्या जानेवारीतच रानडे गेले. मुलींना परीक्षेला बसू द्यायचं की नाही, हा प्रश्नसुद्धा १८८३ मध्ये नियम बदलूनच सुटला. १८८८ मध्ये डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी बी. ए. झाल्या. १८५७ चा कायदा कुठेही बदलला नव्हता. बदलली होती खालची पानं.

लॉर्ड कर्झनला हे कळलं होतं. त्याच्या आयोगाच्या शिफारशींवरून झालेल्या १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या सेनेटवर जास्तीत जास्त शंभर आणि कमीत कमी पन्नास फेलो अशी मर्यादा घातली. तहहयात नेमणूक जाऊन पाच वर्षांची मुदत आली. वीस जागा निवडणुकीने भरायच्या. उरलेल्यांतल्या बहुतेक कुलपतींच्या हातात. वरवर पाहता हे सुधारणेचं काम. पोटात मात्र एक कलम असं, की विद्यापीठाने वेळेत नियम केले नाहीत तर सरकार ते करील, आणि केलेल्या नियमांत सरकार फेरफार करील. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या विधान परिषदेत याला कडाडून विरोध केला, फिरोजशहा मेहतांनी मुंबईत. अनेकांना तो हिंदी सुशिक्षितांच्या संख्याबळाविषयीचा वाद वाटला. तसा तो होताही. पण नियम लिहिण्याचा अधिकार कोणाकडे जातो, याकडे गोखल्यांचं लक्ष होतं हे त्यांची भाषणं वाचताना जाणवतं.

इथे थोडं बाहेर डोकावायला हवं. मध्ययुगात बोलोन्याला विद्यार्थ्यांनी संघ करून शिक्षक नेमले, पॅरिसला शिक्षकांनी संघ केला. ऑक्सफर्ड-केंब्रिज दुसऱ्या परंपरेतली: सत्ता शिकवणाऱ्यांच्या सभेकडे. अमेरिकेत विश्वस्त मंडळाची परंपरा आली. न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने १८१६ मध्ये डार्टमथ कॉलेजची सनद बदलून ते सरकारी करायचा प्रयत्न केला, तेव्हा १८१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सनद हा करार आहे, विधिमंडळाला तो मोडता येणार नाही. आपल्याकडे नेमकं उलट. विद्यापीठ हे विधिमंडळाचं अपत्य, आणि आईबापाला मुलाचं नाव, गाव, पत्ता सगळं बदलता येतं. लंडन विद्यापीठाची कथा तर आणखी गमतीची: ज्याच्यावरून आपण नक्कल केली ते विद्यापीठ १८५८ मध्येच कॉलेजांच्या संलग्नतेची अट काढून मोकळं झालं, आणि शतकाच्या अखेरीस स्वतः शिकवू लागलं. नक्कल मात्र मूळ बदलल्यानंतरही चालू राहिली.

या नकलेतून बाहेर पडण्याची वाट मायकेल सॅडलर यांच्या आयोगाने १९१९ मध्ये दाखवली. आयोग कलकत्त्यापुरता होता, पण अहवाल सगळीकडे वाचला गेला. विद्यापीठाने शिकवलं पाहिजे, कुलगुरू पूर्णवेळ आणि पगारी हवा, अभ्यासाचे प्रश्न विद्वानांच्या परिषदेकडे आणि कारभार छोट्या कार्यकारी मंडळाकडे, हा त्याचा गाभा. मद्रासने तो १९२३ च्या कायद्यात उचलला, मुंबईने १९२८ मध्ये. मद्रास विद्यापीठ आजही, अनेक दुरुस्त्यांसह, त्याच १९२३ च्या कायद्यावर चालतं. तमिळनाडूत प्रत्येक विद्यापीठाला आपला वेगळा कायदा आहे. महाराष्ट्राने १९९४ पासून बहुतेक सगळ्यांना एकाच कायद्याखाली आणलं. यांतलं बरं कोणतं, यावर पुस्तकात दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. मला विचाराल तर एकाच कायद्याचा फायदा सचिवालयाला जास्त झाला, विद्यापीठांना कमी. एक दुरुस्ती केली की दहा-बारा विद्यापीठं एका दिवसात सारखी होतात.

या सगळ्या सरकारी वंशावळीत एक अपवाद आहे आणि तो मराठी माणसाने केलेला आहे. धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून १९१५ च्या डिसेंबरात सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कल्पना मांडली, आणि १९१६ मध्ये विद्यापीठ सुरूही केलं. सनद नाही, कायदा नाही, सरकारची मान्यता नाही. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. पदवीचं नावसुद्धा आपलं आपण ठरवलं: ‘गृहीतागमा’. माध्यम मातृभाषा. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी मिळाली आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं. कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९४९ चा कायदा यावा लागला. तीन दशकांहून अधिक काळ या संस्थेचा संस्थापक दस्तऐवज म्हणजे केवळ तिची स्वतःची घटना आणि तिला मानणाऱ्यांचा विश्वास. सरकारने पदवी मानली नाही तर मुलीला नोकरी कशी मिळणार, हा व्यावहारिक प्रश्न कर्व्यांना सतत विचारला जाई. तो बिनतोड होता, आणि म्हणूनच पुढे कायद्याखाली यावं लागलं. पण मधल्या काळात नियम लिहिण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही. मातृभाषेतून उच्च शिक्षणाचा प्रयोग तिथे होऊ शकला, याचं मोठं कारण मला यात दिसतं.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा मुख्यतः नकाशाचा आहे. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये बारा जिल्ह्यांसाठी सुरू झालं, बॅ. जयकर पहिले कुलगुरू. मराठवाड्यात १९५८ मध्ये, आणि तिथे पहिले कुलगुरू झाले मुंबई विद्यापीठाच्या कारभाराची खडान्‌खडा माहिती असलेले डोंगरकेरी. कोल्हापूरला १९६२ मध्ये, मग अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, आणि २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना. प्रत्येक वेळी जुन्या विद्यापीठाचे जिल्हे तोडून नवं. कायद्याच्या परिशिष्टातला तो जिल्ह्यांचा तक्ता दिसायला रुक्ष, पण गडचिरोलीच्या मुलाला एका प्रमाणपत्रासाठी नागपूरला खेटे घालायचे की नाही, हे त्यातच ठरतं. गोव्याची कॉलेजं १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. बेळगावची धारवाडला जोडली गेली. आणि सीमाभागातल्या मराठी घरांत मुलाला बेळगावात ठेवायचं की कोल्हापूरला पाठवायचं, ही चर्चा अजून संपलेली नाही. आणि नावाचा प्रश्न तर सर्वांना ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही विस्ताराच्या रूपात. कायद्यातल्या दोन शब्दांसाठी मधल्या सोळा वर्षांत माणसं मारली गेली, घरं जाळली गेली. संस्थापक दस्तऐवज हा कोरडा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुस्तकाचा तो भाग आधी वाचावा.

आता परिनियमांची ताकद दाखवणारा खटला, ज्याला या पुस्तकात सर्वांत जास्त पानं मिळाली आहेत आणि ती योग्यच आहेत: गुजरात युनिव्हर्सिटी विरुद्ध मुधोळकर, १९६२. अहमदाबादेत राहणाऱ्या मराठी कुटुंबातला मुलगा. १९६० मध्ये त्याने एस. एस. सी. केली, मराठीतून शिकून आणि मराठीतच पेपर लिहून. मग सेंट झेवियर्समध्ये कला शाखेला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसला. पुढच्या वर्षी इंटरला इंग्रजीच चालू ठेवायचं म्हटलं तर प्राचार्यांचा नाइलाज झाला. विद्यापीठाच्या परिनियमांनुसार माध्यम गुजराती. गुजराती मातृभाषा नसलेल्यांना हिंदी. इंग्रजीची सवलत ज्यांना होती त्यांत मराठीतून आलेला हा मुलगा बसत नव्हता. वडिलांनी विद्यापीठाकडे परवानगी मागितली. कुलसचिवांनी नकार दिला; नंतर पत्र आलं की परीक्षा इंग्रजीतून दिली तर चालेल, शिकणं मात्र इंग्रजीतून नाही!

कायद्यात काय होतं? १९४९ च्या गुजरात विद्यापीठ कायद्यात गुजराती किंवा हिंदीच्या माध्यम म्हणून वापराला चालना देण्याचा अधिकार विद्यापीठाला होता. त्यावरून परिनियम झाले, आणि त्यांनी चालनेची सक्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की एकच माध्यम लादण्याचा अधिकार या कायद्याने दिलेला नाही, म्हणून ते परिनियम टिकत नाहीत. शिवाय उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं संघसूचीतल्या ६६ व्या नोंदीखाली केंद्राकडे असल्याने, दर्जावर थेट परिणाम होईल असं माध्यमाचं बंधन राज्यालाही मनास येईल तसं घालता येणार नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं, आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण हवं म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला त्या मताचं आकर्षण वाटतं हे कबूल करायला हरकत नाही. पण निकालाचा कारभारविषयक भाग मला पूर्ण पटतो. मोठा सामाजिक निर्णय घ्यायचा तर तो विधिमंडळात, उघड्यावर घ्या. परिनियमाच्या आडोशाने नको. अहमदाबादच्या एका मराठी घराने मागितलेल्या साध्या परवानगीतून निघालेला हा निकाल पुढे केंद्र आणि राज्य यांच्यातल्या शिक्षणविषयक वादांत वारंवार आधाराला घेतला गेला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, तरी ६६ वी नोंद आणि तिच्यातून निघणारी ताणाताण तशीच राहिली.

न्यायालयांपुढे याच्याही मुळाशी जाणारा प्रश्न आला आहे: विद्यापीठ स्थापन कोणी केलं? अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या बाबतीत १९६७ च्या अझीझ बाशा निकालाने म्हटलं होतं, की ते १९२० च्या कायद्याने स्थापन झालं, समाजाने नव्हे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ विरुद्ध ३ असा तो निकाल फिरवला: कायद्यामुळे विद्यापीठ आलं एवढ्यावरून संस्थापक कोण हे ठरत नाही. दुसऱ्या टोकाला छत्तीसगडने २००२ मध्ये एक खासगी विद्यापीठ कायदा करून केवळ अधिसूचना काढत शंभरावर विद्यापीठं उभी केली, कित्येकांना इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर २००५ मध्ये त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द झाली. कागद हाच पाया असेल तर फक्त कागदावरही विद्यापीठ उभं राहू शकतं, हे तेव्हा देशाने पाहिलं.

आणि आज? आजचा वाद कुलगुरू नेमायचा कोणी, याचा आहे. महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने त्यात दुरुस्ती मंजूर केली: उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, आणि कुलगुरूपदासाठीची नावं सरकारमार्फत राज्यपालांकडे. सरकार बदललं, आणि पुढच्या सरकारने ती मागे घेतली. तमिळनाडूत प्रकरण फार पुढे गेलं. तिथे शिक्षणमंत्री प्र-कुलपती असणं जुनंच आहे. सरकारला हवा होता नेमणुकीचा अधिकार. त्यासाठीची विधेयकं राज्यपालांकडे अडली. ८ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा विधेयकांना संमती मिळाली असं मानावं असा निकाल दिला; २१ मे रोजी मद्रास उच्च न्यायालयाने नेमणुकीच्या तरतुदींना स्थगिती दिली; आणि नोव्हेंबरात घटनापीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांवर मत देताना अशी मानीव संमती न्यायालयाला देता येत नाही असं सांगितलं. या घोळात मद्रास विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि पुढची दोन वर्षं जागा रिकामीच राहिली. कारभार संयोजक समितीकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ च्या मसुद्यात शोधसमितीच्या चाव्या कुलपतींकडे द्यायचं सुचवलं, त्यावरून दक्षिणेतल्या राज्यांनी पुन्हा निषेध केला.

या लढाईत कोणाची बाजू बरोबर, यावर संपादकांनी मत दिलेलं नाही. मी देतो. राज्यपाल कुलपती असणं हा १८५७ चा वारसा आहे. त्याला आज फारसा आधार उरलेला नाही. पण त्यांच्या जागी मंत्री बसवल्याने विद्यापीठ मोकळं होतं, हेही खरं नाही. दोन्ही पक्ष एकाच खुर्चीसाठी भांडतात आणि ती खुर्ची इतकी उंच का ठेवली आहे असं कोणी विचारत नाही. दरम्यान खालच्या मजल्यावर अधिसभा दुबळ्या होत जातात. मुंबई विद्यापीठाची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये अचानक थांबली ती होता होता सप्टेंबर २०२४ उजाडला, तेही कोर्टाची पायरी चढून. पदनिर्मितीला सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि भरतीच होत नाही म्हटल्यावर अभ्यास मंडळावर बसायला पात्र असे पूर्णवेळ शिक्षक कुठून आणायचे? २०१७ मध्ये मुंबईत ऑनलाइन मूल्यांकनाचा जो बोजवारा उडाला, त्यात शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. तो निर्णय कोणत्या मंडळात, किती चर्चेनंतर झाला, हे विचारणारे थोडेच निघाले.

म्हणून या पुस्तकाची रचना मला आवडली. १८५७ चे मुंबई-मद्रासचे कायदे, १९०४, १९२३, कर्व्यांच्या विद्यापीठाची घटना, पुणे आणि मराठवाड्याचे मूळ कायदे, १९९४ आणि २०१६ यांतले निवडक भाग मराठीत आणून त्यांच्यासोबत टीपा आणि निबंध दिले आहेत. इतिहास सांगणं हा त्याचा एक हेतू. दुसरा, माझ्या मते मोठा, म्हणजे वाचायची सवय लावणं. अधिसभेवर नव्याने निवडून आलेल्या पदवीधराने, विद्यार्थी प्रतिनिधीने, संलग्नतेच्या समितीपुढे बसणाऱ्या प्राचार्याने ही पानं कशी वाचावीत: कोणतं कलम ‘करील’ म्हणतं आणि कोणतं ‘करू शकेल’, कोणत्या कलमाच्या शेवटी ‘शासनाच्या मान्यतेने’ हे शेपूट आहे, कोणता अधिकार एका मंडळाला देऊन दुसऱ्याकडून काढून घेतला आहे. कायद्याची पुस्तकं वकिलांसाठी असतात, हे वकिलांसाठी नाही. संपादकांपैकी कोणी सरळ एका बाजूचं राजकारण केलेलं नाही, पण त्यांचा कल लपतही नाही: निवडून आलेल्या मंडळांवर त्यांचा भरवसा माझ्यापेक्षा जास्त आहे. निवडणुका गटबाजीत कशा अडकतात, यावर एक निबंध हवा होता.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. कृषी विद्यापीठं, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांचे कायदे स्वतंत्र आहेत आणि त्यांची घडण इतकी वेगळी आहे, की त्यांना इथे दोन-दोन पानांत कोंबणं हा अन्याय झाला असता. अभिमत विद्यापीठांचा कारभार तर विश्वस्त संस्थांच्या घटनांतून चालतो आणि त्या घटना सहज हाती लागत नाहीत. ज्यांना घाई आहे त्यांनी मुधोळकर खटल्याचं प्रकरण आधी वाचावं, मग १८५७ कडे यावं. क्रमाने वाचणाऱ्यांनी परिशिष्टातला तक्ता शेजारी उघडा ठेवावा: कोणतं मंडळ कोणत्या कायद्यात कोणत्या नावाने येतं, हे त्यात एका नजरेत दिसतं. सिंडिकेटची कार्यकारी परिषद आणि तिची व्यवस्थापन परिषद होता होता कोणते अधिकार वाटेत गळाले, तेही त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात नोंदलं आहे.